क्रूस की वधस्तंभ?

भाषांतराची चिकित्सा करताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : मूळ ग्रंथाशी ते किती इमान राखते? कथा-कादंबरीपुरता हा प्रश्न पुरेसा असेलही. धर्मग्रंथाच्या आणि प्रार्थनेच्या भाषांतराबाबत मात्र त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा लागतो : ज्यांच्या ओठांवर हे शब्द रुळायचे, त्या माणसांशी ते किती इमान राखते? कादंबरीतला शब्द वाचक एकदा वाचून पुढे जातो. प्रार्थनेतला शब्द तो जन्मभर उच्चारतो. पाळण्यापाशी, आजाऱ्याच्या उशाशी आणि शवपेटीपाशी तोच शब्द त्याच्या मदतीला येतो. म्हणून असा एखादा शब्द बदलला गेला की व्याकरणापलीकडचे काहीतरी हलते.

आम्हां मराठी कॅथलिकांच्या धर्मभाषेत शब्दांच्या जोड्याच जोड्या आहेत. क्रूस आणि वधस्तंभ, बाप्तिस्मा आणि स्नानसंस्कार, नाताळ आणि ख्रिस्तजयंती, पाद्री आणि धर्मगुरू. प्रत्येक जोडीतला एक शब्द समुद्रमार्गे आला, तर दुसरा संस्कृतच्या टांकसाळीत पाडला गेला. या जोड्यांवरून आपल्यात दोन पक्षही पडलेले दिसतात. एका पक्षाला समुद्रमार्गे आलेला शब्द म्हणजे पोर्तुगीज अमलाचा डाग वाटतो. तो पुसून टाकल्याखेरीज आपण पुरते मराठी होणार नाही, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाला वाडवडिलांच्या तोंडचा शब्द म्हणजे वारसा वाटतो. त्याला हात लावणे म्हणजे श्रद्धेला हात लावणे. दोन्ही पक्ष शब्दाचे कूळ विचारतात आणि तेथेच थांबतात. कूळ अवश्य विचारावे, कारण ते फार मनोरंजक असते. परंतु कुळावरून शब्दाची लायकी ठरवू नये. तो काय काम करतो, हे पाहून ती ठरवावी, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात काही शब्दांची अशी पारख करून पाहण्याचा विचार आहे.

लोकांच्या कानांत बसलेला शब्द बदलला की काय होते, याचे एक ठसठशीत उदाहरण संत जेरोम यांच्या चरित्रात सापडते. ३८२ साली पोप दमासस यांनी शुभवर्तमानांची जुनी लॅटिन भाषांतरे सुधारण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. पुढे त्यांनी जुना करार थेट हिब्रूतून लॅटिनमध्ये आणला. योनाच्या पुस्तकात निनवे नगराबाहेर रागावून बसलेल्या संदेष्ट्यावर एक वनस्पती सावली धरते. जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत ही वनस्पती म्हणजे भोपळ्याचा वेल होता. जेरोम यांनी तेथे आयव्ही हा निराळा वेल घातला. बदल एवढाच. ४०३ साली संत ऑगस्टीन यांनी त्यांना पत्राने कळविले, की ओएया नगरात, म्हणजे आजच्या लिबियातील त्रिपोलीत, हे नवे भाषांतर उपासनेत वाचले जाताच लोकांनी एकच गोंधळ मांडला. पिढ्यानपिढ्या ऐकलेला शब्द कोणी बदलला, म्हणून बिशपांना जाब विचारण्यात आला. आपले लोक आपल्याला सोडून जातील या भीतीने बिशपांना तो शब्द दुरुस्त करणे भाग पडले.

या प्रसंगाकडे अडाणी जमावाचा हट्ट म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु जेरोम यांनी दिलेले उत्तर वाचले म्हणजे प्रकरण किती नाजूक होते ते ध्यानात येते. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : हिब्रूतील ती वनस्पती रुंद पानांची, आधारावाचून स्वतःच्या खोडावर उभी राहणारी आणि पाहता पाहता वाढणारी आहे. लॅटिनमध्ये तिला नाव नाही. मूळ नाव तसेच ठेवले असते तर कोणालाच कळले नसते. भोपळा म्हटले असते तर हिब्रूत नसलेले लिहिल्यासारखे झाले असते. म्हणून पूर्वीच्या काही भाषांतरकारांना अनुसरून त्यांनी आयव्ही हा शब्द घेतला. म्हणजे बिचाऱ्या लोकांनी जो शब्द नाकारला तो अचूक होता असेही नाही. एक चुकीचा पण परिचित शब्द आणि दुसरा चुकीचा पण अपरिचित शब्द, असा तो झगडा होता.

मराठी वाचकाला या हकिगतीत एक गंमत दिसावी. पुष्कळ अभ्यासकांच्या मते योनाच्या डोक्यावरची ती वनस्पती म्हणजे एरंड होय. महापंडित जेरोम यांना जिच्यासाठी नाव सापडेना, ती आपल्या बांधाबांधावर उगवते! एवढेच नव्हे, ‘ओसाड गावात एरंड बळी’ ही म्हण प्रत्येक मराठी माणसाच्या कानांवरून गेलेली असते. उघड्या माळावर, उन्हाच्या तडाख्यात, एका रात्रीत वाढून संदेष्ट्याला सुखावणारे आणि दुसऱ्या दिवशी एका किड्यामुळे कोमेजणारे हे झाड मराठीत ‘एरंड’ म्हणून आले की वाचकाच्या ओठांवर हलके हसू उमटेल. ते हसू गैर नाही. योनाच्या पुस्तकालाच एक सौम्य विनोदाचे अंग आहे. एवढ्या मोठ्या नगराची ज्याला कणव नाही, तो एका क्षुद्र झुडपासाठी जीव द्यायला निघतो. येथे मराठी शब्द आपल्याबरोबर आपली म्हणही घेऊन येतो आणि मूळ अर्थ अधिकच उजळतो. भाषांतरात असे भाग्याचे क्षण क्वचितच येतात.

जेरोम यांच्यापुढे जे मार्ग होते, तेच प्रत्येक भाषांतरकारापुढे असतात. मूळचा ध्वनी तसाच ठेवावा, त्याचा अर्थ आपल्या भाषेत आणावा, किंवा आपल्याकडच्या जवळच्या शब्दात तो नवा आशय भरावा. बाप्तिस्मा पहिल्या मार्गाने आला, प्रेषित आणि शुभवर्तमान दुसऱ्या मार्गाने आले. तिसऱ्या मार्गाचे सर्वांत धाडसी उदाहरण आपल्याच घरात आहे. ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’.

स्टीफन्स इंग्लंडमधले. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. सासष्टीत त्यांनी धर्मसेवा केली आणि १६१६ साली राशोल येथे आपले सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य छापविले. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे मराठी भाषा रोमन लिपीत छापावी लागली. हे पुराण का लिहिले, याचे उत्तर ग्रंथातच आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी वाचायला तुमचे एखादे पुराण तरी द्या. या मागणीत एका समाजाची पोरकी झालेली भूक आहे. ज्यांची गाणी, कथा आणि सण काढून घेतले गेले, त्यांना केवळ प्रश्नोत्तरांची पुस्तिका पुरणार नव्हती.

स्टीफन्स यांनी ही भूक ओळखली. नाव दिले ते पुराण, छंद घेतला तो ओवीचा, आणि स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द मोकळेपणाने वापरला. विष्णूचे ते धाम ख्रिस्ती काव्यात आणणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. मात्र त्याच स्टीफन्स यांनी पवित्र आत्म्याचे परके नाव तसेच राहू दिले. येथेच त्यांची भाषांतरकार म्हणून जात कळते. ज्या कल्पनेला मराठी मनात जवळचे घर होते तिला त्यांनी ते घर दिले. जिला नव्हते, तिला बळेच कोणाच्या घरात घुसविले नाही. आणि पहिल्या देवव्यक्तीसाठी त्यांनी ‘बाप’ हा अगदी अंगणातला शब्द पसंत केला. पिता म्हटले असते तर मान राखला गेला असता. बाप म्हटल्याने जवळीक साधली.

शब्दांच्या नात्यांची स्टीफन्स यांना जाण होती. १५८३ साली आपल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांसारखी असल्याचे त्यांनी नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात याच नात्याविषयीचे आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. आज भाषाशास्त्र आपल्याला सांगते, की संस्कृत ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’ हे एकाच मुळाचे अंकुर आहेत. ‘पिता’ आणि लॅटिन ‘पातेर’ यांचेही तेच. त्या पातेरपासून पोर्तुगीज ‘पाद्रे’ आला आणि त्याचा आपला पाद्री झाला. तेव्हा पाद्री हा परका आणि पिता हा आपला असे म्हणताना जरा जपूनच म्हणावे लागेल. ते एकाच आजोबांचे दोन नातू आहेत, एक घरी राहिलेला आणि दुसरा जहाजाने फिरून आलेला.

क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्या जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या विरोधात फर्मान काढले. तरीही हे काव्य जगले ते लोकांनी उतरून घेतलेल्या हस्तलिखितांमुळे आणि घरोघरी, देवालयांत होणाऱ्या वाचनामुळे. १९०७ साली मंगळूरला सलढाणा यांनी आणि १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा त्यांच्या हाती लोकांनीच राखलेले धन आले होते. सत्तेने आणलेला धर्म आणि सत्तेने नको म्हटलेली भाषा, या दोहोंना लोकांनी एकत्र धरून ठेवले. आपल्या धर्मभाषेविषयी बोलताना हे विसरता येत नाही.

आता पहिल्या मार्गाचा विचार करू. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द. ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा मूळ अर्थ बुडविणे. कापड रंगात बुडविण्यालाही ग्रीक माणूस त्याच मुळाचा शब्द वापरी. अर्थ इतका साधा असताना लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी या साऱ्या भाषांनी त्याचे भाषांतर न करता ध्वनीच का उचलला? याचे एक उत्तर बंगालच्या इतिहासात मिळते. १८३०च्या दशकात कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात या शब्दासाठी ‘बुडविणे’ या अर्थाचा देशी शब्द घातला. तेव्हा बायबल सोसायटीने त्या आवृत्तीस साहाय्य करण्याचे नाकारले. कारण उघड होते. बुडविणे म्हटले की डोक्यावर पाणी ओतणारे सारे पंथ चुकीचे ठरत होते. भाषांतरकाराने एक क्रियापद निवडले आणि शतकांच्या वादाचा निकालच लावून टाकला! शब्द परका ठेवल्याने अर्थ थोडा धूसर राहतो, पण त्या धूसरतेच्या छायेत अनेक जण एकत्र उभे राहू शकतात.

आपल्याकडील ‘स्नानसंस्कार’ हा शब्द या कसोटीवर कसा उतरतो? तो सुबोध आहे, आणि संस्कार या शब्दामुळे त्याला आपल्या मातीतले गांभीर्य लाभले आहे. स्नान या शब्दात मात्र शरीर स्वच्छ करण्याचा भाव पुढे येतो आणि बुडण्याचा, म्हणजे मरून पुन्हा जगण्याचा भाव मागे पडतो. संत पौल यांनी बाप्तिस्म्याचा संबंध ख्रिस्ताच्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी जोडला आहे. तो संबंध स्नानात सहज सापडत नाही. नवखा वाचक बाप्तिस्मा शब्दापाशी अडखळून त्याचा अर्थ विचारतो आणि त्या उत्तरात तो सापडण्याचा संभव असतो. नवशिक्याला शिकविताना स्नानसंस्कार म्हणावे, खोल जायचे असेल तेव्हा बाप्तिस्मा म्हणावे. दोहोंपैकी एकाला हाकलून लावण्यात शहाणपण नाही.

लेखाच्या शीर्षकातली जोडी आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. आपले प्रॉटेस्टंट बंधू ज्या मराठी बायबलवर वाढले त्यात वधस्तंभ हा शब्द आहे. कॅथलिकांच्या तोंडी क्रूस आहे. क्रूस पोर्तुगीज ‘क्रूझ’वरून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘क्रुक्स’ उभा आहे. वधस्तंभ हा घडविलेला सामासिक शब्द : ज्यावर वध करतात तो खांब. आता यांतला मूळाशी जवळ कोणता? शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे, ‘स्टाउरोस’, त्याचा आद्य अर्थ जमिनीत रोवलेला खांब असा आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने वधस्तंभ हाच मूळ ग्रीक शब्दाला अधिक जवळचा! परकीय शब्द मूळनिष्ठ आणि देशी शब्द सोयीचा, ही आपली नेहमीची समजूत येथे उलटी होते.

आणि वधस्तंभाचे काम त्याहूनही मोठे आहे. रोमन साम्राज्यात क्रुसावरचे मरण गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेले होते. ख्रिस्तपूर्व ६३ साली एका खटल्यात बोलताना सिसेरोने असा अभिप्राय दिला होता, की क्रूस हा नुसता शब्दही रोमन नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून आणि विचारांपासून दूर असावा. एवढा तो शब्द अमंगल होता. आज तोच शब्द आपण मुलांच्या गळ्यात सोन्याच्या साखळीत घालतो. दोन हजार वर्षांच्या भक्तीने त्याची धार गुळगुळीत केली आहे. वधस्तंभ ही धार परत देतो. ‘वध’ हा शब्द कानांवर पडताच येथे एका निरपराध माणसाला ठार करण्यात आले, हे टाळता येत नाही. वधस्तंभाचा दागिना कोणी घडवीत नाही, हेच त्या शब्दाचे यश आहे.

मग क्रूस टाकून द्यावा काय? मुळीच नाही. वधस्तंभ जे करू शकत नाही, ते क्रूस करतो. वधस्तंभाला आकार नाही; तो नुसता उभा खांब आहे. आडव्या लाकडावर पसरलेले दोन हात त्यात दिसत नाहीत. कपाळावरून छातीवर आणि एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर हात नेताना आपण क्रुसाची खूण करतो. वधस्तंभाची खूण असा प्रयोग जिभेवर येतच नाही. वेशीवरचा क्रूस, कबरीवरचा क्रूस, दाराच्या चौकटीवर खडूने काढलेला क्रूस यांच्या जागी दुसरा शब्द घालून पाहावा, म्हणजे काय हरवते ते लगेच कळेल. वधस्तंभ घटना सांगतो, क्रूस त्या घटनेचे झालेले चिन्ह सांगतो. एकात शुक्रवार आहे, दुसऱ्यात शुक्रवारकडे रविवारच्या बाजूने टाकलेली दृष्टी आहे.

या दोहोंच्या जागी ‘सूळ’ हा जुना मराठी शब्द घेता आला असता, असे कोणी म्हणेल. ‘सुळावरची पोळी’ म्हणताना आपण तो आजही वापरतो. परंतु सुळावर चढविणे ही निराळी शिक्षा आहे. तेथे मनुष्य टोकदार खांबावर रोवला जातो. शिवाय म्हणीमुळे त्या शब्दाला एक चतुर, व्यवहारी छटा आली आहे. एरंडाच्या बाबतीत जी म्हण अर्थाला पोषक ठरते, तशीच सुळाच्या बाबतीत ती मारक ठरली असती. देशी शब्द आहे एवढ्यावरून तो योग्य ठरत नाही, याचा हा पुरावा.

देशीपणाचा खरा विजय पाहायचा असेल तर प्रभूच्या प्रार्थनेकडे वळावे. तेथे आपण भाकर मागतो. ग्रीक शब्द साध्या रोटीचा आहे. मराठी भाषांतरकारांना ‘पाव’ उपलब्ध होता, ‘अन्न’ उपलब्ध होते. त्यांनी भाकर निवडली आणि ज्वारी-बाजरीच्या देशावर नि तांदळाच्या कोकणात, दोन्हीकडे ती चुलीवरून थेट प्रार्थनेत गेली. त्या भाकरीला लावलेले ग्रीक विशेषण तर विलक्षण आहे. प्रभूच्या या प्रार्थनेबाहेर ते जवळजवळ कोठेच आढळत नाही, आणि त्याच्या अर्थावर विद्वान आजही एकमत नाहीत. जेरोम यांनी त्याच एका शब्दाचे मत्तयच्या शुभवर्तमानात ‘सर्व पदार्थांहून श्रेष्ठ’ अशा अर्थाचे आणि लूकच्या शुभवर्तमानात ‘दररोजची’ असे दोन निरनिराळे अनुवाद केले. लॅटिन उपासनेत मात्र लोकांच्या तोंडी दररोजची भाकरच कायम राहिली. विद्वत्तेने दोन दरवाजे उघडले आणि भुकेने त्यांतला एक निवडला.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव केला. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्यांचे संस्कृतवर एवढे प्रभुत्व, त्यांनी खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला समजावे म्हणून साधी मराठी हेतुपुरस्सर पत्करली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या २०१० सालच्या अनुवादाला ‘सुबोध बायबल’ असे नाव दिले, त्यातही तोच संकल्प बोलतो. या अनुवादाला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. जड संस्कृत शब्द घातल्याने धर्मभाषा पवित्र होते असे मानणाऱ्यांनी या दोन उदाहरणांवर शांतपणे विचार करावा.

आता ‘परक्या’ शब्दांचे पुढे काय झाले, तेही पाहू. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’. एके काळी हा शब्द कोकण किनाऱ्यावर भीतीचा होता. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या आणि पाव खाणारा तो बाटलेला, असे समीकरण बनले. आज वडापाव हे मुंबईच्या कष्टकऱ्याचे अन्न आहे आणि तो खाताना कोणालाही कुळाची आठवण होत नाही. बटाटा, काजू, अननस, हापूस, चावी, बिजागरी, घमेले, पगार ही सारी त्याच जहाजांतून उतरलेली मंडळी. ‘तुरुंग’ हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचा बुंधा. कैद्याचे पाय अडकविण्याच्या ओंडक्याला तेच नाव पडले आणि पुढे साऱ्या बंदिखान्याला. ‘लिलाव’ तर अरबीतून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून मराठीत आला. ही सगळी नावे मराठी माणूस दिवसभर उच्चारतो, आणि त्याचे मराठीपण कोणी तपासत नाही. मग क्रूस आणि मिस्सा म्हणणाऱ्याचेच का तपासावे?

नाताळची कथा आणखी बोलकी आहे. ‘नाताल’ म्हणजे जन्माचा. १४९७ साली वास्को द गामाचे ताफे आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याने चालले असता ख्रिस्तजन्माचा दिवस आला, म्हणून त्या प्रदेशाला नाताल हे नाव पडले. तोच शब्द आपल्याकडे येऊन मराठी झाला, इतका की शाळेच्या वेळापत्रकात आणि घराघरांतल्या दिनदर्शिकेत तो सर्वधर्मीयांचा आहे. एका अल्पसंख्य समाजाने मराठीला दिलेली ही देणगी होय. ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्द अर्थाने निर्दोष आहे. तरीही त्यासाठी नाताळ सोडणे म्हणजे साऱ्या महाराष्ट्राने स्वीकारलेली भेट स्वतःच परत मागणे होय.

पोर्तुगीज अमलाचा डाग या युक्तिवादाचेही उत्तर आपल्या इतिहासातच आहे. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. हे शब्द जहाजांबरोबर आणि सत्तेबरोबर आले, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या सत्तेने केलेली जबरदस्तीही नाकारू नये. परंतु १७३९ नंतर वसईत क्रूस या शब्दाचे रक्षण करायला कोणतीही तोफ उरली नव्हती. तो आजवर टिकला तो आयाबायांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेमुळे. जे जबरीने दिले गेले असेल, ते नंतर प्रेमाने ठेवून घेतले गेले. अडीचशेहून अधिक वर्षे स्वेच्छेने सांभाळलेला शब्द परका कसा राहील?

आज या शब्दांना खरा धोका आहे तो संस्कृतपासून नाही आणि पोर्तुगीजपासून तर नाहीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला मोकळी वाट करून दिली. ज्या भाषेसाठी ही वाट उघडली, ती भाषाच आता आपल्या अनेक घरांतून काढता पाय घेत आहे. नव्या पिढीच्या तोंडी क्रॉस, मास आणि क्रिसमस हे शब्द आहेत. इंग्रजीविषयी आमच्या मनात वैर नाही. क्रॉस हादेखील क्रुसाचाच भाऊ आहे. क्रिसमस या शब्दाच्या पोटात तर आपला मिस्सा लपलेला आहे : ख्रिस्ताची मिस्सा ती क्रिसमस. मिस्सा हा शब्द लॅटिनमधील पाठविणे या क्रियापदापासून, विधीच्या शेवटी भाविकांना निरोप देताना उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांवरून आला. आणि ‘प्रेषित’ या आपल्या शब्दाचा अर्थही पाठविलेला असाच आहे. म्हणजे मिस्सेला जाणारा प्रत्येक जण शेवटी पाठविला जातो, या अर्थाने प्रेषित होतो. हे एवढे मोठे प्रवचन दोन शब्दांच्या नात्यात दडलेले आहे. ज्या मुलाला मिस्सा आणि प्रेषित हे दोन्ही शब्द ठाऊक नाहीत, त्याला ते कोण ऐकविणार?

म्हणून आमच्या भाषांतरकारांकडे, प्रार्थनापुस्तकांच्या संपादकांकडे आणि धर्मशिक्षकांकडे दोन गोष्टींचे मागणे आहे. नवा शब्द घडविण्यापूर्वी जुना शब्द कोणते काम करीत होता, हे गावातल्या वृद्धांच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावे. सामवेदी, वाडवळी यांसारख्या आपल्या बोलींत अजून पुष्कळ शब्द जिवंत आहेत आणि ते बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणि जेथे दोन शब्द शिल्लक आहेत, तेथे ते दोन्ही मुलांना त्यांच्या कथांसह शिकवावेत. जोड्या ही आपल्या भाषेची अडचण नसून श्रीमंती आहे. आपल्या मराठीत वधही सांगता येतो आणि विजयाची खूणही.

तेव्हा शीर्षकातल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : गुड फ्रायडेला दुःखसहनाची कथा वाचली जाते तेव्हा त्या दुपारी काय घडले हे कळण्यासाठी वधस्तंभ हवा, आणि कथा संपल्यावर पुढे जाऊन ज्याचे चुंबन घ्यायचे, तो क्रूसच.